स्वयंसेवकांनी बांधलेलं घर: हप्ता, घामाचे तास आणि सव्वापंधरा इंचांवरची खूण

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या ओळखीच्या एका कुटुंबाची ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या घरं बांधणाऱ्या सेवाभावी संस्थेच्या स्थानिक शाखेने घरासाठी निवड केली आहे. स्वयंसेवक येऊन घर बांधतात म्हणे, मग ते फुकट मिळतं का? हातोडा पहिल्यांदाच हातात धरणाऱ्यांनी बांधलेलं घर टिकतं का? आणि घर ताब्यात येईपर्यंत कुटुंबाने काय करायचं, काय टाळायचं?

फुकट नाही. घर विकत घ्यावं लागतं, त्यावर रीतसर गहाणखत होतं, दर महिन्याला हप्ता असतो आणि तो थकत गेला तर घर हातचं जाऊ शकतं. घर परवडतं हे खरं, पण कशामुळे परवडतं याबद्दल बहुतेकांचा समज उलटा असतो. फोटोत टोप्या घातलेले, हातोडे उगारलेले तीस-चाळीस लोक दिसतात, म्हणून वाटतं की बिनपैशाच्या मजुरीने घर स्वस्त पडलं. मजुरीची मदत होतेच, पण मोठा वाटा कर्जाच्या कागदाचा असतो.

आकडे मांडून बघा. हे आकडे फक्त हिशेबासाठी घेतलेत, प्रत्यक्षातले गावागणिक वेगळे असतील. कर्ज १,५०,००० डॉलर, मुदत ३० वर्षं. शून्य व्याजाने हप्ता येतो ४१६ डॉलर ६७ सेंट. हेच कर्ज ७ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता ९९८ डॉलरच्या आसपास. महिन्याला ५८१ डॉलरचा फरक, ३० वर्षांत दोन लाख नऊ हजार डॉलरच्या वर. आता मजुरी धरा. स्वयंसेवकांमुळे बांधकामात ४०,००० डॉलर वाचले असं मानलं, तर ७ टक्के दराने तेवढ्या रकमेचा हप्ता होतो २६६ डॉलर. म्हणजे व्याज नसण्याचं वजन फुकट मजुरीच्या दुपटीहून जास्त भरतं.

योजनेची मूळ मांडणीच तशी आहे. जॉर्जिया राज्यात अमेरिकस या गावाजवळ क्लॅरेन्स जॉर्डन यांनी १९४२ मध्ये कोइनोनिया ही शेती-वसाहत सुरू केली. तिथे १९६८ मध्ये मिलार्ड आणि लिंडा फुलर यांच्या सोबतीने ‘भागीदारीतली घरं’ ही कल्पना आकाराला आली. नफा नाही, व्याज नाही, आणि परत आलेले हप्ते एका फिरत्या निधीत, त्यातून पुढच्या कुटुंबाचं घर. फुलर दांपत्याने १९७३ पासून आफ्रिकेतल्या झाइरमध्ये (आजचं काँगो) हाच प्रयोग केला आणि परतल्यावर १९७६ मध्ये हॅबिटॅटची स्थापना झाली. १९८४ पासून माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर स्वतः सुतारकामाला उभे राहू लागले, त्यामुळे हातोडा जगप्रसिद्ध झाला. फिरता निधी मात्र कुणाच्या फोटोत येत नाही.

म्हणून कुटुंबाने शाखेला पहिला प्रश्न हा विचारायचा: कर्ज कोण देणार आणि कितीने? सगळ्याच शाखा आज शून्य व्याजाचं कर्ज स्वतः देत नाहीत. काही ठिकाणी कर्ज बँकेचं किंवा सरकारी खात्याचं असतं, त्याला थोडं व्याज असतं आणि हप्ता उत्पन्नात बसावा म्हणून अनुदान जोडलेलं असतं. दोन्ही पद्धती चालतात, पण कोणती लागू आहे ते लेखी हवं.

दुसरं, ४१६ डॉलर हा पूर्ण हप्ता नव्हे. घरपट्टी आणि विम्याचा बारावा हिस्सा दर महिन्याला त्याच चेकमधून जातो आणि ‘एस्क्रो’ नावाच्या खात्यात साठतो. घरपट्टी वर्षाला २,४०० आणि विमा १,८०० धरला तर महिन्याला ३५० डॉलर वाढले, एकूण ७६७. घराचा खर्च कर कापण्याआधीच्या उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवायचा, हा इथला रुळलेला दंडक. त्या हिशेबाने कुटुंबाचं उत्पन्न महिन्याला साधारण २,५५६ डॉलर, म्हणजे वर्षाला ३०,७०० च्या आसपास हवं. हे उलटं गणित कुटुंबाने स्वतःच्या आकड्यांनी एकदा तरी कागदावर करावं.

तिसरी गोष्ट कागदांच्या ढिगात हमखास नजरेआड होते: दुसरं गहाण. घराचं बाजारमूल्य २,२०,००० आहे आणि पहिलं कर्ज १,५०,००० चं, तर मधल्या ७०,००० चं काय? त्यावर बऱ्याचदा वेगळं, बिनहप्त्याचं गहाण चढवतात. कुटुंब घरात राहतंय तोवर त्यासाठी काही भरावं लागत नाही, आणि काही करारांत ते वर्षागणिक थोडं थोडं माफही होत जातं. घर लवकर विकलं तर मात्र ती रक्कम परत करावी लागते. स्वस्तात घेऊन दोन वर्षांत बाजारभावाने विकण्याचा मोह होऊ नये, म्हणून ही तजवीज. विकताना पहिला हक्क संस्थेचा, हेही कलम बहुधा असतं. घर भाड्याने देता येत नाही, स्वतः राहावं लागतं. माफी कोणत्या वर्षापासून, दर वर्षी किती, मूळ मालकाच्या मृत्यूनंतर वारसांना तीच मुभा मिळते का, हे तीन प्रश्न सहीच्या आधी विचारावेत. सहीच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा पुढे सरकत असताना ते सुचत नाहीत.

निवडीचे निकष तीन: गरज, फेडण्याची क्षमता आणि सोबत काम करण्याची तयारी. गरज म्हणजे सध्याचं घर अपुरं, मोडकळीला आलेलं किंवा भाडं न झेपणारं. उत्पन्नाला खालची आणि वरची अशा दोन्ही मर्यादा असतात, आणि त्या त्या भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या टक्केवारीत सांगितलेल्या असतात. बहुतेक शाखा नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड मागतात, तेव्हा कामाच्या व्हिसावर असलेल्यांनी अर्ज भरण्याआधी तेवढं विचारून घ्यावं.

सोबतीची तयारी म्हणजे घामाचे तास. इथे त्याला ‘स्वेट इक्विटी’ म्हणतात. शाखेप्रमाणे २५० ते ५०० तास लागतात. ऐकायला आकडा किरकोळ वाटतो. ३०० तास आणि शनिवारी ८ तास असं एकट्याने धरलं तर ३८ शनिवार होतात, म्हणजे सुट्ट्या आणि आजारपण धरून जवळजवळ वर्ष. दोघं प्रौढ असतील तर १९ शनिवार. यात सगळे तास बांधकामाचेच नसतात. घरखर्चाचा हिशेब, कर्जाचे कागद, घराची देखभाल यांवरचे वर्ग मोजले जातात, संस्थेच्या जुन्या सामानाच्या दुकानातलं काम मोजलं जातं, आणि नातेवाईक-मित्रांनी दिलेले तास ठरावीक मर्यादेपर्यंत कुटुंबाच्या खात्यावर चढतात. तब्येतीमुळे शिडीवर चढता येत नसेल त्यांना बैठं काम मिळतं. तास कमी पडतात ते आळसापेक्षा नोंदीच्या गोंधळामुळे. दिवस संपताना वहीत सही राहिली की तास गेले. मोबाइलमध्ये त्या पानाचा फोटो काढून ठेवावा.

याच कल्पनेची आणखी घट्ट आवृत्ती ग्रामीण भागांत आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या परस्पर-सहकार्य योजनेत काही कुटुंबांचा गट करतात. बांधकामाची साधारण ६५ टक्के मजुरी ही कुटुंबंच करतात, आणि गटातली सगळी घरं पूर्ण झाल्याशिवाय कुणीही राहायला जात नाही. तिथे बाहेरचे स्वयंसेवक थोडे, शेजारीच एकमेकांचे मजूर. कर्ज खात्याकडूनच मिळतं, ३३ वर्षांचं किंवा कमी उत्पन्नाला ३८ वर्षांचं, आणि अनुदानामुळे व्याज १ टक्क्यापर्यंत खाली येऊ शकतं.

आता हौशी हातांचा प्रश्न. घर धड असतं, कारण बिघडलं तर महागात पडतील अशी कामं हौशी लोकांना देत नाहीत. पाया, वीज, नळजोडणी, गरम-थंड हवेची यंत्रणा परवानाधारक कारागीर करतात. प्लास्टर-बोर्डाचे सांधे भरायला पण अनुभवी माणूस लागतो, कारण तिरप्या उजेडात प्रत्येक चूक आयुष्यभर दिसते. स्वयंसेवकांकडे येतं ते लाकडी सांगाडा, तक्ते ठोकणं, बाहेरचं आवरण, खिडक्या, उष्णतारोधक अस्तर, रंग, आतल्या पट्ट्या आणि अंगण. शिवाय नगरपालिकेचा निरीक्षक टप्प्याटप्प्याने येतो: पायाचा खड्डा, मग सांगाडा-वायरिंग-पाइप उघडे असताना, मग अस्तर, मग शेवटची पाहणी. त्याची सही होण्याआधी भिंत झाकली तर ती पुन्हा फोडावी लागते, मग बांधणारा हौशी असो की व्यावसायिक.

तरीही चुका होतात, आणि त्या ठरलेल्या असतात. सगळ्यात पहिली चूक पहिल्याच दिवशी, पहिल्या भिंतीवर होते. भिंतीचा सांगाडा जमिनीवर आडवा जुळवतात आणि मग उचलून उभा करतात. उभे दांडे, म्हणजे स्टड, दर १६ इंचांवर. दांड्याला ‘दोन बाय चार’ म्हणतात, पण रंधा मारल्यावर तो भरतो दीड बाय साडेतीन इंच. आठ फुटी भिंतीसाठी तो ९२ इंच ५ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) लांबीचा कापलेलाच मिळतो. खाली एक आणि वर दोन आडव्या पट्ट्या, प्रत्येकी दीड इंच, त्या धरून भिंत ९७ इंच १ सूत होते.

नवखा माणूस टेपने १६ इंच मोजतो, खूण करतो आणि दांड्याची कड त्या खुणेला लावतो. इथेच घोटाळा. बाहेरून ठोकायचा तक्ता ४ फूट रुंद, म्हणजे बरोबर ४८ इंच. त्याची कड दांड्याच्या मधोमध यायला हवी, म्हणजे उरलेल्या अर्ध्या दांड्यावर पुढचा तक्ता टेकतो. दांडा दीड इंच जाड, त्याचा अर्धा भाग पाऊण इंच. म्हणून पहिली खूण १६ वर नाही, सव्वापंधरा इंचांवर. खुणेच्या पुढच्या बाजूला फुली, दांडा फुलीवर. पुढच्या खुणा सव्वाएकतीस आणि सव्वासत्तेचाळीस. तिसरा दांडा सव्वासत्तेचाळीसपासून पावणेएकोणपन्नासपर्यंत बसतो, त्याचा मध्य ४८. १६ वर खूण करून दांडा खुणेपुढे ठेवला तर तो ४८ पासून सुरू होतो आणि पहिल्या तक्त्याची कड हवेत राहते. हे लक्षात येतं तेव्हा सोळा दांडे ठोकून झालेले असतात, प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन साडेतीन इंची खिळे. उपटायला ठोकण्याच्या दुप्पट वेळ. म्हणून चांगला पर्यवेक्षक स्वयंसेवक यायच्या आदल्या दिवशीच पट्ट्यांवर खुणा आणि फुल्या करून ठेवतो.

तक्ते ठोकण्याआधी भिंत गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का ते बघायचं: दोन्ही कर्ण मोजायचे, फरक एका सुतापेक्षा जास्त नको. एकदा तक्ता बसला की वाकडेपणाही पक्का होतो. दोन तक्त्यांमध्ये एक सूत फट ठेवायची, कारण ओलाव्याने तक्ता फुगतो. खिळे कडेला ६ इंचांवर, मधे १२ इंचांवर. उत्साहाच्या भरात मधल्या दांड्याला चुकवून गेलेले खिळे आतून चकाकताना दिसतात. तेव्हा एकाने आत उभं राहून बघत राहावं. अवघड काही नाही, पण हे काम नेमून दिलं नाही तर कुणीच करत नाही.

दुसरी जागा खिडकीची, आणि ही चूक तीन-चार वर्षांनी बाहेर येते. नियम कौलारू छपराचाच आहे: वरचं कौल खालच्या कौलावर चढलेलं हवं, पाणी कुठेही मागे शिरता कामा नये. म्हणून चिकट टेप आधी तळाच्या चौकटीत लावायची, मग खिडकी बसवायची, मग दोन्ही बाजूंना टेप, शेवटी माथ्यावर. भिंतीवरच्या जलरोधक कापडाचा वरचा पदर आधी कापून वर दुमडून ठेवलेला असतो, तो सगळ्यात शेवटी माथ्याच्या टेपवरून खाली सोडायचा. चुका दोन होतात. कुणीतरी तो पदर खिडकीच्या चौकटीभोवतीच्या पट्टीमागेच खोचून ठेवतं, म्हणजे कापडावरून ओघळणारं पाणी थेट चौकटीत. किंवा ‘मजबुतीसाठी’ म्हणून खिडकीच्या खालच्या पट्टीवरही टेप मारतात. ती बाजू मुद्दाम मोकळी सोडायची असते, कारण आत शिरलेलं थोडं पाणी तिथूनच बाहेर पडतं. वाट बंद केली की पाणी तक्त्यात मुरतं, तक्ता फुगतो, मग कुजतो. कुटुंबाने बाहेरचं आवरण चढण्याआधी प्रत्येक खिडकीच्या चारही बाजूंचे फोटो काढावेत. यासाठी सुतारकाम यायची गरज नाही.

बाहेरचं प्लास्टिकचं आवरण, विनाइल साइडिंग, भिंतीला घट्ट ठोकायचं नसतं, लटकवायचं असतं. बारा फुटी पट्टी उन्हा-थंडीत अर्धा इंच लांब-आखूड होते. खिळा लांबट भोकाच्या मधोमध, डोकं पट्टीपासून पाव सूत उचललेलं, टोकांना दोन सूत जागा. बसवल्यावर पट्टी हाताने डावी-उजवीकडे सरकायला हवी. सरकली नाही तर पहिल्या उन्हाळ्यातच ती लाटेसारखी फुगते. हौशी माणसाला खिळा पूर्ण आत गेल्याशिवाय समाधान होत नाही, हीच अडचण.

तिसरी चूक आत, बोर्ड लावताना. स्टडमधून गेलेला पाइप किंवा वायर कडेपासून सव्वा इंचाहून जवळ असेल तर तिथे पोलादी पट्टी ठोकावी लागते. ती नसली की बोर्डाचा स्क्रू पाइपमध्ये घुसतो. गंमत म्हणजे स्क्रूच भोक बुजवून धरतो आणि गळती महिन्यांनी सुरू होते. बोर्ड लागण्याआधी प्रत्येक भिंतीचे, टेप उभी धरून, फोटो काढून ठेवले तर पुढे वीस वर्षं उपयोगी पडतात: खिळा कुठे ठोकायचा आणि कुठे नाही ते कळतं.

गर्दीचं नियोजन हा निराळाच विषय. काम बारा जणांचं आणि कंपनीची बस पंचवीस जणांना उतरवते, तेव्हा बांधकामाचा वेग कमी होतो. पाच-सहा नवख्यांमागे एक जाणता असला तरच काम नीट होतं. १६ वर्षांखालच्या मुलांना बांधकाम चालू असताना जागेवर घेत नाहीत. १६-१७ च्या मुलांना विजेची अवजारं, छप्पर आणि खोदकाम वर्ज्य. शिडी चार फूट उंचीला एक फूट पाय बाहेर या प्रमाणात, आणि छपराच्या कडेवर तीन फूट निघालेली. या बाबतीत पर्यवेक्षक कडक वाटला तर तो चांगला समजावा.

खरं नुकसान मात्र कुटुंबाच्या हातून बांधकामाबाहेर होतं. मंजुरी मिळाली आणि घर वर येऊ लागलं की नव्या घराला साजेशी गाडी हवीशी वाटते, सोफा हप्त्यावर येतो. खरेदीखताच्या आधी पत तपासणी पुन्हा होते. नव्या गाडीचा ४०० डॉलरचा हप्ता त्यात दिसला तर उत्पन्न-कर्जाचं गुणोत्तर बिघडतं आणि सांगाडा उभा असतानाही मंजुरी अडकते. त्या वर्षभरात नवं कर्ज नको, नवं कार्ड नको, दुसऱ्याच्या कर्जाला जामीन नको. नोकरी बदलायची असेल तर आधी शाखेला सांगून. बँकेत अचानक मोठी रोकड भरली तर तिचाही खुलासा मागतात.

आणखी एक घाई नडते. अंदाजे तारीख ऐकून घरमालकाला खोली सोडायची नोटीस देतात. पाऊस, उशिरा आलेल्या खिडक्या, निरीक्षकाची सुट्टी यांत सहा आठवडे सहज जातात. राहण्यास योग्य असल्याचा दाखला हातात आणि खरेदीखताची तारीख लेखी, या दोन्ही गोष्टी झाल्यावरच नोटीस द्यावी. भाडं महिन्या-महिन्याच्या करारावर आणता आलं तर उत्तम.

चाव्या मिळाल्या की पहिल्याच संध्याकाळी पाण्याचा मुख्य कॉक, विजेची मुख्य कळ आणि गॅस बंद करायची जागा घरातल्या प्रत्येकाने हाताने चालवून बघावी. पहिल्या वर्षाच्या हमीत येणाऱ्या तक्रारी तोंडी सांगू नयेत, तारखेसह लिहून द्याव्यात. अकराव्या महिन्यात सगळं घर एकदा फिरून यादी करावी: अडणारी दारं, सांध्यातल्या भेगा, नळाखालचा ओलावा.

आणि साधारण वर्षभराने एस्क्रोचं पत्र येतं. शून्य व्याजाचा हप्ता ३० वर्षं तोच राहतो, पण घरपट्टी आणि विमा वाढतात. पहिल्या वर्षाची घरपट्टी कधी कधी रिकाम्या जमिनीवर लागलेली असते, दुसऱ्या वर्षी ती घरासकट लागते. त्या पत्रात मागच्या वर्षीची तूट आणि पुढच्या वर्षीची वाढ, दोन्ही एकदम हप्त्यात आलेली दिसतात आणि ७६७ चे ८५० होऊ शकतात. स्वतः राहत असलेल्या घराला मिळणारी घरपट्टीतली सवलत बऱ्याच ठिकाणी अर्ज केल्याशिवाय मिळत नाही. तो अर्ज पहिल्याच वर्षी, मुदतीच्या आत करावा, आणि हप्ता ठरल्या दिवसापासूनच महिन्याला ५०-६० डॉलर वेगळे काढत जावेत.